काचबिंदूची पारख : तपासण्या कोणत्या, कशा व कशासाठी?

आपल्या भागात डोळ्यांचे शिबिर भरले म्हणजे वृद्ध माता-पित्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोतीबिंदू पिकला का?" मोतीबिंदूविषयी समाजात आता पुष्कळ जागृती झाली आहे आणि ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु नावाने त्याचा भाऊ वाटावा असा दुसरा रोग, म्हणजे काचबिंदू, याविषयी सुशिक्षितांतही बरेच अज्ञान आढळते. दोहोंच्या नावात 'बिंदू' असल्यामुळे अनेकांची अशी समजूत होते की, मोतीबिंदूप्रमाणे काचबिंदूही काढून टाकता येतो व मग पूर्ववत दिसू लागते. ही समजूत चुकीची आहे. मोतीबिंदूमध्ये डोळ्यातील भिंग गढूळ होते; ते काढून कृत्रिम भिंग बसविता येते. काचबिंदूमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू वाळत जाते. ती नस बदलता येत नाही आणि गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. उपचारांनी जी दृष्टी उरली आहे ती मात्र बहुतेकांची राखता येते.

म्हणूनच या रोगात औषधाइतकेच महत्त्व वेळीच निदान होण्याला आहे. प्रस्तुत लेखात काचबिंदूचे निदान करण्यासाठी कोणत्या तपासण्या करतात, प्रत्येक तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि तिची मर्यादा काय, हे आम्ही सोप्या भाषेत मांडणार आहोत. सभासदांनी व विद्यार्थ्यांनी मनाशी एकच गोष्ट पक्की धरावी अशी आमची अपेक्षा आहे. ती अशी की, काचबिंदू आहे किंवा नाही हे कोणत्याही एका यंत्राच्या एका आकड्यावरून ठरत नाही. तथागत बुद्धांनी कालामांना केलेल्या उपदेशात, केवळ ऐकीव गोष्टीवर किंवा कोणी सांगितले म्हणून विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे, असे सांगितले आहे. डोळ्यांच्या बाबतीतही हाच मार्ग हिताचा आहे.

रोगाची व्याप्ती

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन जी मोठी सर्वेक्षणे झाली त्यांत असे आढळले की, ज्यांना हा रोग होता त्यांपैकी दहात नऊहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हते. यात त्यांचा निष्काळजीपणा होता असे म्हणता येणार नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा रोग दुखत नाही, डोळा लाल करीत नाही, पाणी आणत नाही. तो नेमके काय करतो हे समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी पाहू.

डोळ्यात बिघाड कोठे होतो?

डोळा हा फुगविलेल्या चेंडूसारखा आहे. त्याचा आकार टिकावा व आतील भागांचे पोषण व्हावे म्हणून आत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरच्या बाजूस असतात. हा आतला द्रव डोळ्याच्या रंगीत पडद्यामागे तयार होतो, बाहुलीच्या छिद्रातून पुढे येतो आणि समोरचा काचेसारखा पारदर्शक भाग (यास पारपटल म्हणतात) व रंगीत पडदा जेथे मिळतात, त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून पाझरून रक्तात मिसळतो. शेतकऱ्यांना हे सहज उमगेल. चारीने पाणी येत राहिले आणि निचऱ्याची नाली तुंबली, तर शेतात पाणी साचते. तसेच येथे निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो.

या दाबाचा भार सर्वांत नाजूक जागी पडतो. ती जागा म्हणजे डोळ्याच्या मागील बाजूस जेथून दृष्टीची नस बाहेर पडते ती. या नसेत सुमारे १० ते १२ लाख सूक्ष्म धागे असतात. प्रत्येक धागा पडद्याच्या एका ठिकाणची बातमी मेंदूकडे नेतो. दाबामुळे, तसेच काहींच्या बाबतीत नसेचा रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे, हे धागे एकेक करून मरतात. जितके धागे गेले, तितका समोरच्या दृश्याचा भाग मेंदूला दिसेनासा होतो.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. "नेत्रदानात मिळालेला डोळा बसविला तर?" असे अनेकजण विचारतात. शिबी राजाने याचकाला आपले डोळे दिल्याची जातककथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. नेत्रदान हे थोर दान आहेच. परंतु नेत्रदानातून रुग्णाला प्रामुख्याने पारपटल, म्हणजे डोळ्याची समोरची काच, बसविली जाते. मागची नस जोडता येत नाही. त्यामुळे काचबिंदूने वाळलेल्या नसेवर नेत्रदान हा उपाय नाही.

रोग्याला कळत का नाही?

विद्यार्थी मित्रांनी पुढील प्रयोग अवश्य करावा. कोऱ्या कागदावर डावीकडे फुलीची खूण व तिच्या उजवीकडे सरळ रेषेत ८ सेंटिमीटर अंतरावर जाडसर ठिपका काढावा. डावा डोळा हाताने झाकावा. कागद हातभर लांब धरून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहावे आणि कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण ३० सेंटिमीटरवर आला की ठिपका अदृश्य होतो. आणखी जवळ आणला की पुन्हा दिसतो. दृष्टीची नस जेथून डोळ्याबाहेर पडते तेथे पाहणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात असा एक आंधळा ठिपका जन्मतःच असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मारिऑत याने सतराव्या शतकात तो दाखवून दिला.

या प्रयोगातील खरी शिकवण वेगळीच आहे. ठिपका नाहीसा झाला तेव्हा त्या जागी काळे भोक दिसले नाही, कोरा कागद दिसला. मेंदूने ती रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढली. काचबिंदूतही हेच घडते. दृश्यातील एकेक तुकडा जातो आणि मेंदू तो भरून काढतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून घेतो. मधली दृष्टी बहुतेकांत शेवटपर्यंत टिकते. म्हणून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसालाही काचबिंदू असू शकतो. तक्त्यावर ६/६ दिसले म्हणजे डोळा निरोगी, असा अर्थ काढू नये.

आता तपासण्यांकडे वळू.

१) डोळ्यातील दाब मोजणे

पूर्वी वैद्य मिटलेल्या पापणीवरून दोन बोटांनी डोळा दाबून तो मऊ की टणक याचा अंदाज घेत. १९०५ साली नॉर्वेच्या श्योत्झ यांनी डोळ्यावर ठेवावयाचे एक छोटे उपकरण तयार केले. रोग्याला उताणे निजवून ते वापरीत आणि आपल्याकडील सरकारी दवाखान्यांत व शिबिरांत ते अनेक वर्षे प्रचलित होते. १९५० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडचे गोल्डमान यांनी अधिक अचूक पद्धत आणली. डोळा बधिर करणारा थेंब व पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात एक छोटे टोक पारपटलावर अलगद टेकवितात. ठरावीक आकाराचा भाग सपाट होण्यास किती जोर लागला यावरून दाब कळतो. आजही हीच पद्धत प्रमाण मानतात. हवेचा झोत सोडणारे यंत्र डोळ्याला स्पर्श करीत नाही. ते चाळणी तपासणीसाठी सोयीचे आहे. मात्र त्यात दाब जास्त आला तर तो गोल्डमान पद्धतीने पुन्हा मोजून घेणे योग्य.

निरोगी डोळ्यात हा दाब साधारणपणे १० ते २१ मि.मी. पारा इतका असतो. येथेच मोठा गैरसमज आहे. "माझा दाब १८ आहे, म्हणजे मला काचबिंदू नाही" असे म्हणता येत नाही. चेन्नई परिसरातील ग्रामीण सर्वेक्षणात उघड्या कोपऱ्याचा काचबिंदू आढळलेल्या निम्म्याहून अधिक लोकांचा दाब नेहमीच्या मर्यादेतच होता. उलट, काहींचा दाब २४-२५ असूनही नस वर्षानुवर्षे शाबूत राहते. शिवाय दाब दिवसभरात कमीजास्त होतो, म्हणून डॉक्टर कधी कधी वेगवेगळ्या वेळी बोलावून तो मोजतात.

२) पारपटलाची जाडी

दाबाच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते आणि ती आपल्या विदर्भातील माणसांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. पारपटल पातळ असेल तर ते कमी जोराने सपाट होते आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखविते. जाड असेल तर जास्त दाखविते. ही जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने काही सेकंदांत मोजता येते.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया यांनी जर्मनीचे प्रा. योस्ट योनास यांच्या सहकार्याने २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील कान्होली व शेजारच्या सात खेड्यांत तिशीपुढील ४७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले. या पाहणीत ग्रामस्थांच्या पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आढळली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाश्चात्त्य देशांतील लोकांत ही सरासरी साधारणपणे ५४० च्या आसपास धरली जाते. त्याच खेड्यांत दाबाची सरासरी १३.६ इतकी होती. यावरून असे दिसून येते की, पाश्चात्त्य पुस्तकांत दिलेली २१ ची सीमारेषा आपल्या शेतकरी-मजुरांच्या डोळ्यांना जशीच्या तशी लावली, तर काही रोगी निसटण्याचा धोका आहे. अमेरिकेत झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही, दाब जास्त असलेल्यांपैकी ज्यांचे पारपटल पातळ होते त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका अधिक आढळला. जाडीवरून दाबाचा आकडा सुधारून घेण्याचे सर्वमान्य कोष्टक मात्र नाही. डॉक्टर ती धोक्याची एक खूण म्हणून विचारात घेतात.

३) निचऱ्याचा कोपरा पाहणे

दाब वाढला असेल तर तो का वाढला, हा पुढचा प्रश्न. निचऱ्याचा कोपरा सरळ पाहिल्यास दिसत नाही. म्हणून बधिर केलेल्या डोळ्यावर आरसे बसविलेली भिंग ठेवून डॉक्टर यंत्रातून तो पाहतात. यास गोनिओस्कोपी म्हणतात. कोपरा उघडा असूनही जाळी तुंबली असेल तर तो उघड्या कोपऱ्याचा काचबिंदू. रंगीत पडदा पुढे सरकून कोपराच बंद झाला असेल तर तो बंद कोपऱ्याचा काचबिंदू. दुसरा प्रकार युरोपच्या मानाने आपल्या देशात बराच आढळतो. दोहोंचे उपचार वेगळे असल्यामुळे ही तपासणी टाळून चालत नाही. कोपरा अरुंद असेल तर लेझरने रंगीत पडद्यास सूक्ष्म छिद्र पाडून पुढचा धोका पुष्कळ कमी करता येतो.

कोपरा अचानक बंद झाला तर मात्र रोग मुकाट राहत नाही. डोळा व अर्धे डोके असह्य दुखते, डोळा लाल होतो, धूसर दिसते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे लोक "पित्त उसळले" असे समजून लिंबूपाणी किंवा डोकेदुखीची गोळी देतात आणि रात्र काढतात. डोकेदुखी व उलटीबरोबर डोळा लाल व दृष्टी धूसर असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरीही, रुग्णालय गाठले पाहिजे. काही तासांच्या विलंबानेही दृष्टी कायमची जाऊ शकते.

कोपऱ्याचे छायाचित्रण करणारी प्रकाशाची व ध्वनिलहरींची यंत्रेही मोठ्या शहरांत आहेत. अवघड रोग्यांत त्यांचा उपयोग होतो.

४) दृष्टीच्या नसेची तपासणी

सर्व तपासण्यांत ही सर्वांत महत्त्वाची. १८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावता येईल असे उपकरण शोधले. त्यानंतर काही वर्षांतच काचबिंदूमध्ये नसेच्या तोंडाशी खळगा पडतो हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. नसेचे तोंड पडद्यावर फिकट नारिंगी चकतीसारखे दिसते. तिच्या मध्यभागी एक फिकट खळगा असतो व सभोवती धाग्यांची गुलाबीसर कड असते. धागे मरू लागले की कड झिजते आणि खळगा रुंदावतो. चकतीच्या मानाने खळगा किती, हे प्रमाण डॉक्टर ०.३, ०.५, ०.८ अशा आकड्यांत लिहितात. ०.७ किंवा त्याहून अधिक, अथवा दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा अधिक फरक, असे आढळल्यास संशय घेतात. काहींची चकती जन्मतःच मोठी असते व त्यांचा खळगाही मोठा असतो, तरी तो रोग नसतो. म्हणून कड कोठे झिजली आहे, तिच्यावर रक्ताची बारीक रेघ आहे काय, हेही पाहावे लागते.

ही तपासणी नीट व्हावी म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत माणूस न्यावा आणि त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवू नये. थेंब घालण्याआधी कोपरा अरुंद नाही ना, हे डॉक्टर पाहून घेतात. नसेचे छायाचित्र काढून ठेवणे फार उपयोगाचे. पाच वर्षांनी दुसरे छायाचित्र शेजारी ठेवले की झीज झाली की नाही हे स्पष्ट कळते.

५) दृष्टिक्षेत्राची तपासणी (फील्ड टेस्ट)

नस कशी दिसते हे कळले, तरी ती काम किती करते हे वेगळे तपासावे लागते. यासाठी रोग्याला अर्धगोल पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकून बसवितात. एक डोळा झाकतात. दुसऱ्याने मधल्या दिव्याकडेच पाहावयाचे आणि आजूबाजूला कोठेही ठिणगीसारखा प्रकाश चमकला की हातातील बटण दाबावयाचे. यंत्र निरनिराळ्या जागी, कमीअधिक तेजाचे ठिपके दाखविते. नेहमीच्या '२४-२' या प्रकारात अशा ५४ जागा तपासल्या जातात. संगणकावर चालणारी ही यंत्रे १९८० च्या दशकापासून सर्वत्र रूढ झाली. शेवटी कागदावर नकाशा छापून येतो. जेथे कमी दिसते ती जागा काळपट येते.

ही तपासणी रोग्याच्या सहकार्यावर चालते. आपल्याकडील अनेक माता-भगिनी यंत्र पाहून घाबरतात, "चुकले तर डॉक्टर रागावतील" म्हणून दिसले नसतानाही बटण दाबतात, किंवा नजर दिव्यावरून हलवितात. यंत्र अशा चुका मोजते व अहवालात छापते. पहिली तपासणी बिघडली तर घाबरू नये. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती जमते. सर्व ठिपके कोणालाच दिसत नाहीत, कारण यंत्र मुद्दाम अगदी मंद ठिपकेही दाखविते, ही गोष्ट रोग्याला आधी समजावून सांगितल्यास त्याची भीती जाते. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने हे काम करावे.

या तपासणीची मर्यादा अशी की, नकाशात दोष उमटेपर्यंत त्या भागातील पुष्कळ धागे, काही संशोधनांनुसार चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक, आधीच नष्ट झालेले असतात. त्यामुळे धाग्यांची झीज आधीच मोजता येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

६) ओसीटी : प्रकाशाने काढलेला छेद

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ओसीटी हे यंत्र. १९९१ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग व सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सोनोग्राफीत ध्वनीचा पडसाद मोजतात, तसा येथे प्रकाशाचा पडसाद मोजतात. प्रकाशाचा वेग प्रचंड असल्यामुळे पडसादाला लागलेला वेळ थेट मोजता येत नाही. म्हणून डोळ्यातून परतलेला किरण व आरशावरून परतलेला किरण एकमेकांत मिसळवून त्यांच्या लहरींच्या मिलाफावरून खोली काढतात. डोळ्याला स्पर्श नाही, सुई नाही, क्ष-किरणही नाहीत. काही सेकंदांत पडद्याच्या थरांचा, कांदा कापावा तसा, छेद पडद्यावर उमटतो. आजची यंत्रे सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतचा फरक टिपतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

काचबिंदूसाठी या यंत्राने नसेभोवतीच्या धाग्यांच्या थराची जाडी मोजतात. निरोगी माणसात ती सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असते आणि वयाबरोबर थोडी कमी होते. पडद्याच्या मध्यभागातील पेशींचा थरही मोजला जातो. अहवालात हिरवा, पिवळा व लाल असे रंग येतात. हिरवा म्हणजे त्या वयाच्या निरोगी लोकांसारखे, पिवळा म्हणजे सीमेवर, लाल म्हणजे क्वचितच आढळणारे.

लाल रंग पाहून अनेक घरांत रडारड होते. परंतु तुलनेसाठी यंत्रात ज्या निरोगी लोकांची माहिती भरलेली असते, त्यांच्यापेक्षा आपला डोळा वेगळ्या ठेवणीचा असू शकतो. मोठ्या उणे नंबरचा चष्मा असेल, मोतीबिंदूमुळे चित्र पुसट आले असेल किंवा तपासताना डोळा हलला असेल, तर रोग नसतानाही लाल रंग येतो. उलट, सगळे हिरवे असूनही सुरुवातीची झीज निसटू शकते. दुसरी मर्यादा अशी की, रोग फार पुढे गेल्यावर थर आणखी पातळ होताना यंत्राला दिसत नाही. तेव्हा पुन्हा फील्ड टेस्टवरच भर द्यावा लागतो.

सर्वांची सांगड

आता या सहा गोष्टी एकत्र ठेवून पाहू. दाब धोका सांगतो. जाडी त्या आकड्यावर किती विसंबावे ते सांगते. कोपरा कारण दाखवितो. नस झीज दाखविते, फील्ड त्या झिजेने काय गेले ते दाखविते आणि ओसीटी झीज मोजून पुढच्या वर्षीच्या तुलनेसाठी नोंद ठेवते. नसेची झीज ज्या जागी दिसते, तिच्याशी जुळणाऱ्या जागीच फील्डमध्ये दोष असेल, तर निदान पक्के होते. दोन्ही जुळत नसतील तर डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. यात त्यांना रोग कळला नाही असे समजून दवाखाना बदलू नये. संशयित रोग्यावर लक्ष ठेवणे हाही निदानाचाच भाग आहे.

निदानानंतर उपचार आहेत, हेही सांगितले पाहिजे. थेंब, लेझर व शस्त्रक्रिया या तिन्हींचा उद्देश दाब कमी करणे हाच असतो. वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासात, दाब जास्त पण नस शाबूत असलेल्या लोकांपैकी ज्यांना थेंब दिले नाहीत त्यांच्यात पाच वर्षांत शेकडा ९.५ जणांना काचबिंदू झाला. ज्यांना थेंब दिले त्यांच्यात शेकडा ४.४ जणांना. थेंब घालून नजर वाढत नाही, म्हणून अनेकजण ते मध्येच बंद करतात. नजर आहे तेवढी टिकली, हेच त्या थेंबांचे फळ होय.

आपण काय करावे?

धाड व परिसरातील गावांतून दाबाची व नसेची प्राथमिक तपासणी करून घेण्यासाठी बुलडाण्यापर्यंत, आणि फील्ड व ओसीटीसाठी बहुधा त्याहून मोठ्या शहरापर्यंत जावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते. म्हणून कोणी आधी जावे याचा क्रम लावून घेणे व्यवहार्य ठरेल.

ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी सर्वांत आधी व दरवर्षी तपासून घ्यावे, कारण त्यांना धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. दमा, सांधेदुखी किंवा त्वचारोगासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, डोळ्याला पूर्वी जोराचा मार लागलेले व मोठ्या उणे नंबरचा चष्मा असलेले यांनीही उशीर करू नये. इतरांनी चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी व साठीनंतर दरवर्षी तपासणी करावी.

मधुमेही व्यक्तींनी दरवर्षी पडद्याची तपासणी करावयाची असतेच; त्याच वेळी नसही पाहून घ्यावी. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रकृती अखेरच्या वर्षांत मधुमेहाने खालावली होती आणि दृष्टीही अधू झाली होती. त्यांना काचबिंदू होता असे आम्हास म्हणावयाचे नाही. तथापि अशा अवस्थेतही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम त्यांनी पूर्णत्वास नेले, हे आठवले म्हणजे ज्या समाजाला त्यांनी वाचावयास शिकविले, त्याने आपल्या दृष्टीची हेळसांड करू नये असे वाटते.

दोन चुका आपल्याकडे सर्रास होतात. पहिली, मुलांचे डोळे उन्हाळ्यात खाजतात व लाल होतात म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड असलेले थेंब परस्पर आणून महिनोन्महिने घालणे. त्याने खाज लगेच थांबते, पण काहींचा दाब वाढून ऐन विद्यार्थिदशेत नस वाळते. दुसरी, मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहणे. अतिपक्व मोतीबिंदू फुगून कोपरा बंद करतो किंवा त्यातील द्रव्य पाझरून जाळी तुंबविते. मग शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दिसत नाही, आणि दोष शस्त्रक्रियेच्या माथी मारला जातो.

शिबिरात तपासणीस गेल्यावर केवळ "मोतीबिंदू आहे का?" एवढे विचारून परतू नये. डॉक्टरांना नम्रपणे पुढील गोष्टी विचाराव्यात व त्यांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत : दोन्ही डोळ्यांतील दाब किती व तो कोणत्या यंत्राने मोजला? कोपरा उघडा आहे की अरुंद? नसेचा खळगा किती व दोन्ही डोळ्यांत सारखा आहे काय? फील्ड किंवा ओसीटीची गरज आहे काय? पुन्हा केव्हा यावे? शिबिरात दाब मोजला नसेल तर तो कोठे मोजून मिळेल, हेही विचारावे.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. आपल्या आजी-आजोबांचे डोळ्यांचे सर्व कागद, जुने असोत की नवे, एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. डॉक्टर बदलले तरी ती फाईल सोबत न्यावी. या रोगात आजच्या तपासणीचा अर्थ मागच्या तपासणीशी ताडूनच कळतो आणि तो जुना कागद हरवला तर मधली वर्षे कोऱ्या पाटीसारखी होतात. येत्या मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह पाळला जाईल. त्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील चाळिशीपुढील माणसांची नावे काढून, कोणाची तपासणी झाली व कोणाची राहिली एवढे जरी लिहून काढले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम!